आठ मित्र, दोन टीम: स्क्रॅम्बल खेळा, पण आधी जोड नीट लावा

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो. तुम्ही कोल्हापुरातले गोल्फ खेळणारे आठ मित्र. दोघं बऱ्यापैकी खेळणारे, हँडिकॅप (पारपेक्षा, म्हणजे ठरलेल्या शॉटांपेक्षा, साधारण जेवढे जास्त लागतात तो आकडा) 8 आणि 10. चौघं मधले: 16, 18, 20 आणि 24. राहिलेले दोघं दिवाळीपासून शिकताहेत, त्यांना अजून हँडिकॅप नाही, तुम्ही अंदाजानं 30 आणि 32 धरलेत. पुढच्या महिन्यात पुण्याला जाऊन 18 होल खेळायचेत, चार-चारच्या दोन टीम करून. मागच्या खेपेला प्रत्येकानं आपापला बॉल खेळला, साडेपाच तास लागले, आणि नवख्यांपैकी एक जण बाराव्या होलनंतर बॅग कॅडीच्या खांद्यावर टाकून नुसता चालत राहिला. आता तुम्ही विचारताय की स्क्रॅम्बल खेळावं की बेस्ट बॉल, आणि हँडिकॅप कसा लावावा.

मी अठरा वर्षं खेळतोय. त्यातली दहाएक वर्षं आमच्या ग्रुपचा मुकादम आहे, म्हणजे टीम पाडणं, कार्ड लिहिणं आणि भांडणं मिटवणं माझ्याकडे. ग्रुप तुमच्यासारखाच आहे: शिरोलीत फाउंड्री चालवणारा मी, दोन डॉक्टर, एक वकील, बँकेतून निवृत्त झालेले एक काका आणि दर वर्षी कुणीतरी नवा धरून आणलेला. त्यामुळे खाली लिहितोय त्यातलं बरंचसं आधी चुकून मग शिकलेलं आहे.

माझ्या मते तुमचा खरा प्रश्न फॉरमॅटचा नाही. तो बाराव्या होलनंतर चालत राहिलेल्या माणसाचा आहे. त्या माणसाचा एखादा तरी शॉट टीमच्या उपयोगी पडला पाहिजे, आणि त्याच वेळी 8 हँडिकॅपवाल्याला आपण पोरं सांभाळायला आलोय असं वाटता कामा नये. ही दोन कामं एकदम जमतील तो तुमचा फॉरमॅट.

बेस्ट बॉलमध्ये, म्हणजे फोरबॉलमध्ये, प्रत्येक जण शेवटपर्यंत आपलाच बॉल खेळतो आणि जोडीतला चांगला स्कोअर कार्डावर जातो. दोघंही साधारण सारखे असतील तर याच्यासारखी मजा नाही. पण 8 आणि 32 ची जोडी लावली की काय होतं? पहिल्या होलवर नवखा सातवा शॉट मारत असतो तेव्हा जोडीदाराचा पार होऊन गेलेला असतो. कुणीतरी 'राहू दे रे, उचल बॉल' म्हणतं. बोलणारा चांगल्या मनानं बोलतो, पण अठरापैकी बारा होलवर हेच ऐकलं की माणूस चालायलाच लागतो. फोरबॉलमध्ये हँडिकॅपचे शॉट मिळतात हे खरं, स्ट्रोक प्लेमध्ये, म्हणजे एकूण शॉट मोजून खेळताना, प्रत्येकाला आपल्या हँडिकॅपच्या 85 टक्के. तरी आठ महिने खेळलेल्याचं दुखणं तेवढ्यानं जात नाही. त्याचे वाईट होल पाच-सहा शॉटांनी वाईट असतात, एक-दोन शॉटांनी नाही.

फोरसम्स, म्हणजे दोघांत एकच बॉल आणि आळीपाळीनं शॉट, हा प्रकार तर सध्या लांबच ठेवा. रायडर कप या मोठ्या टीम-स्पर्धेत 1927 पासून तो खेळला जातो, आणि तिथले जगातले निवडक खेळाडूसुद्धा त्यात चुळबुळतात, कारण आपल्या चुकीची फेड लगेच जोडीदाराला करावी लागते. तुमच्या नवख्यानं बॉल झाडीत घातला की तिथनं काढायचा मित्रानं. कोल्हापूर ते पुणे गाडीत शेजारी बसून गेलेली माणसं परत येताना वेगवेगळ्या गाड्यांत बसलेली मी पाहिली आहेत.

तेव्हा स्क्रॅम्बल. चौघांनी टीवरून, म्हणजे होलच्या सुरुवातीच्या जागेवरून, मारायचं, त्यातला सगळ्यात सोयीचा बॉल निवडायचा, तिथं टीची खुंटी खोचून खूण करायची, बाकीचे बॉल उचलायचे आणि पुढचा शॉट चौघांनी तिथनंच मारायचा. बॉल होलात जाईपर्यंत हेच. एक गोष्ट लक्षात ठेवा: फोरबॉल आणि फोरसम्स गोल्फच्या अधिकृत नियमांत स्वतंत्र कलमांनिशी आहेत, स्क्रॅम्बलला तसं कलम नाही. त्यामुळे बारीकसारीक गोष्टी तुम्हीच ठरवायच्या, आणि पहिल्या टीवर जायच्या आधी कागदावर लिहून ठरवायच्या. आमचे नियम सांगतो. निवडलेल्या जागेपासून एका क्लबच्या (गोल्फच्या काठीच्या) लांबीत बॉल ठेवता येतो, होलच्या जवळ नाही. बॉल रफमध्ये (वाढलेल्या गवतात) असेल तर रफमध्येच ठेवायचा, क्लबभर अंतरात फेअरवे (कापलेल्या गवताचा पट्टा) आला म्हणून तिकडे सरकायचं नाही. बंकरमध्ये (वाळूच्या खड्ड्यात) असेल तर चौघंही बंकरमधनंच मारणार, आणि प्रत्येकानं आपल्यामागं रेक फिरवायचा. ग्रीनवर, म्हणजे होलाभोवतीच्या बारीक कापलेल्या गवतावर, मात्र क्लबची लांबी चालत नाही, खुणेपासून वीतभर, तेही मागं किंवा बाजूला.

आता जी गोष्ट बहुतेक जण सोडून देतात ती. नुसतं स्क्रॅम्बल खेळलात तर तुमची अडचण फक्त रूप बदलून परत येईल. चारही ड्राइव्हमध्ये, म्हणजे टीवरच्या पहिल्या शॉटांमध्ये, 8 वाल्याचाच बॉल निवडला जाणार, दुसरा शॉट त्याचा किंवा 18 वाल्याचा, आणि नवखा प्रत्येक होलवर चार शॉट मारून चारही वाया घालवणार. त्याचा बॉल हरवत नाही, त्याला कुणी उचल म्हणत नाही, पण तो खेळतही नाही. म्हणून किमान ड्राइव्हचा नियम ठेवा: 18 होलमध्ये प्रत्येकाचे निदान तीन ड्राइव्ह टीमनं वापरलेच पाहिजेत. चार माणसांचे बारा झाले, सहा होल मोकळे राहिले. काही जण प्रत्येकी चार ठेवतात. मग फक्त दोनच होल मोकळे उरतात आणि शेवटी सगळ्यांचे चेहरे घड्याळाकडे. नवख्यांसाठी तीन पुरेत.

हे तीन कधी वापरायचे यात खरी अक्कल लागते. आम्ही पहिल्यांदा हा नियम ठेवला तेव्हा सगळे 'पुढे बघू' म्हणत राहिलो. सोळाव्या टीवर हिशेब केला तर बँकवाल्या काकांचे तीनही ड्राइव्ह बाकी, आणि होल उरलेले तीन. सोळावा लांबलचक पार 4 (चार शॉटांचा होल), समोर पाणी. काकांनी दोनदा टीची उंची बदलली, टोपी सरळ केली, श्वास घेतला आणि बॉलच्या डोक्यावर मारला. बॉल पन्नास यार्ड सरपटत जाऊन लेडीज टीच्या जरा पुढं थांबला. एकानंही हूं केलं नाही. तिथनं आम्ही सहा केले आणि मॅच तिथंच गेली. काका नंतर चार महिने आले नाहीत. चूक काकांची नव्हती, टीमनं तीन अवघड होल त्यांच्यासाठी राखून ठेवले होते.

तेव्हापासून नवख्याचे दोन ड्राइव्ह पहिल्या नऊ होलमध्येच उडवायचे, हा आमचा दंडक. पार 5 त्यासाठी सगळ्यात बरा. तिथं 140 यार्डचा सरळ ड्राइव्ह निवडला तरी दुसरा आणि तिसरा शॉट ते अंतर भरून काढतो. छोटा पार 4 पण चालतो. पार 3 वर नवख्याचा बॉल ग्रीनच्या आसपास कुठंही पडला तर आनंदानं घ्या, दुसऱ्याचा चार फूट जवळ असला तरी. एक ड्राइव्ह खात्यावर जमा होतो, आणि तो माणूस पुढचे तीन होल ताठ चालतो.

किमान ड्राइव्हपेक्षाही मला आवडतो तो आणखी एक प्रकार, त्याला फ्लोरिडा स्क्रॅम्बल म्हणतात. ज्याचा शॉट निवडला, त्यानं पुढचा शॉट मारायचा नाही. झालं. 8 वाल्याचा ड्राइव्ह घेतला की ग्रीनवर जाणारा शॉट उरलेल्या तिघांनी मारायचा. कुणालाही उपकार केल्यासारखं न वाटता काम सगळ्यांत वाटलं जातं, आणि एक शॉट कमी झाल्यामुळं वेळही वाचतो. तुमच्या दोघा चांगल्या खेळाडूंना विचारा. ते तयार असतील तर हाच खेळा, वर प्रत्येकी दोन ड्राइव्ह किमान. कुरकुर करणार असतील तर साधं स्क्रॅम्बल आणि तीन ड्राइव्ह.

आता हँडिकॅप. जागतिक हँडिकॅप पद्धतीत चौघांच्या स्क्रॅम्बलसाठी शिफारस अशी आहे: सगळ्यात कमी हँडिकॅपवाल्याचे 25 टक्के, दुसऱ्याचे 20, तिसऱ्याचे 15, चौथ्याचे 10, आणि त्यांची बेरीज म्हणजे टीमचा हँडिकॅप. तुमचे आकडे घालून बघतो. समजा दोघं चांगले आणि दोघं नवखे एका टीममध्ये टाकले: 8, 10, 30, 32. हिशेब 2 अधिक 2 अधिक 4.5 अधिक 3.2, म्हणजे 11.7, म्हणजे 12. समोर मधले चौघं: 16, 18, 20, 24. त्यांचे 4 अधिक 3.6 अधिक 3 अधिक 2.4, म्हणजे 13. कागदावर फरक एका शॉटचा. मैदानात मात्र पहिल्या टीमकडे प्रत्येक वेळी दोन चांगले बॉल असतात, एक चुकला तर दुसरा. दुसरी टीम दिवसभर एकाही बॉलवर विसंबू शकत नाही. माझ्या अनुभवात असा सामना चौदाव्या होलच्या आत संपतो. आकडे चुकीचे नाहीत, पण वाकडी पाडलेली टीम टक्केवारीनं सरळ होत नाही.

आपल्याकडे जत्रेच्या कुस्तीत जोड कशी लावतात ते आठवा. वस्ताद दोन पोरांना शेजारी उभं करतो, खांदे बघतो, मान बघतो, 'कुठल्या तालमीचा रं तू?' विचारतो, आणि मगच हात वर करून जोड लावतो. वजनकाटा तिथं नसतो, पण काटा जोड लागली की बघणारा जागचा हलत नाही. टीम पाडताना हेच करायचं, टक्केवारी नंतर. तुमच्यासाठी मी अशा पाडल्या असत्या: एकीकडे 8, 18, 20, 32 आणि दुसरीकडे 10, 16, 24, 30. पहिलीचा हिशेब 2, 3.6, 3 आणि 3.2, एकूण 11.8. दुसरीचा 2.5, 3.2, 3.6 आणि 3, एकूण 12.3. दोन्ही 12. शॉट एकमेकांना कापले गेले, आता सरळ ग्रॉस स्कोअर (हँडिकॅप वजा न करता) मोजा, कॅल्क्युलेटर बॅगेत ठेवा.

टीम पाडताना पेठा, ऑफिस, जावई-मेहुणे असली वाटणी करू नका. शाहू स्टेडियमवर पेठांच्या फुटबॉलचं काय होतं ते सगळ्यांनी पाहिलंय, ते तिथंच शोभतं.

नवख्यांच्या 30 आणि 32 विषयी. अधिकृत हँडिकॅप मिळायला एकूण 54 होलचे स्कोअर द्यावे लागतात, आणि कमाल हँडिकॅप 54 आहे. त्यांचे स्कोअर 120 च्या पुढं जात असतील तर 30 हा आकडा त्यांच्यावर अन्याय आहे. पण स्क्रॅम्बलमध्ये चौथ्या माणसाचे फक्त 10 टक्के धरतात, म्हणून 32 च्या जागी 42 केले तरी टीमला एकच शॉट जास्त मिळतो. त्यावर वाद घालण्यात सकाळ घालवू नका. इथं काही गोष्टी परिस्थितीवर आहेत हे मान्य. कोर्स कोणता, टी कुठले, यावरून प्रत्येकाचा त्या कोर्सवरचा हँडिकॅप बदलतो. क्लबात त्याचा तक्ता लावलेला असतो, तो बघून आकडे घ्या. पावसाळ्यात फेअरवे ओले असतील तर बॉल पळत नाही, मग लांब मारणाऱ्याचं मोल वाढतं आणि वरची माझी वाटणी थोडी 8 वाल्याच्या टीमकडे झुकते.

मारायचा क्रम. टीवर सगळ्यात भरवशाचा माणूस पहिला. लांब मारणारा नव्हे, सरळ मारणारा, तुमच्या टीममध्ये तो कदाचित 18 वाला असेल. एक बॉल फेअरवेत पडला की उरलेल्या तिघांचे खांदे खाली येतात, आणि नवख्याचा स्विंग अशाच वेळी बरा होतो. 8 वाला शेवटी, त्याला मग काहीही करायची मोकळीक. ग्रीनवर बरेच जण नवख्याला पहिल्यांदा पट करायला (बॉल होलाकडे घरंगळत मारायला) लावतात, 'लाइन दाखव' म्हणून. मला ते पटत नाही. त्याला उतार मोजायची काठी करून टाकता तुम्ही. आमच्याकडे दुसऱ्या नंबरचा पट करणारा पहिला, मग नवखा, त्याला लाइन दिसलेली असते आणि बॉल गेला तर सगळ्यात मोठा आरडाओरडा त्याच्याच वाट्याला येतो. सगळ्यात चांगला पट करणारा शेवटी.

ग्रीनवरचा एक खड्डा सांगून ठेवतो, कारण आम्ही त्यात पडलोय. सातव्या होलवर बर्डीसाठी (पारपेक्षा एक शॉट कमी) सहा फुटांचा पट होता. आमचे वकीलसाहेब दुसरे. त्यांचा बॉल होलाच्या कडेनं वीतभर पुढं गेला, आणि त्यांनी चिडून, सवयीनं, एका हातात पटर धरून तो होलात ढकलला. आमचे अजून दोघं पट करायचे बाकी होते. समोरच्या टीमचे डॉक्टर शांतपणे म्हणाले, 'संपलं की वो वकील, बॉल होलात गेला.' बरोबर होतं त्यांचं. टीमचा एक बॉल होलात गेला की होल संपला, पार लिहा. वकिलांनी आठवा आणि नववा होल युक्तिवाद केला, सवय आणि हेतू यांत फरक असतो वगैरे. आम्ही ती मॅच एका शॉटनं हरलो. आता आमच्या कागदावर पहिली ओळ आहे: चुकलेला पट उचलायचा, ढकलायचा नाही.

साडेपाच तासांचं काय? स्क्रॅम्बल जलद होतं ही समजूत अर्धीच खरी. झाडीत बॉल शोधणं वाचतं, तेवढंच. एक बॉल फेअरवेत दिसत असताना बाकीच्यांनी शोधायला जायचंच नाही, वाटेत दिसला तर उचला. एरवीही नियमानं शोधायला 2019 पासून तीनच मिनिटं मिळतात, आधी पाच होती. पण जिथं चौघं मिळून कुठला बॉल घ्यायचा यावर ग्रामसभा भरवतात, तिथं फोरबॉलपेक्षा जास्त वेळ जातो. म्हणून प्रत्येक टीमचा एक कप्तान नेमा आणि त्याचा शब्द शेवटचा. कप्तान 8 आणि 10 वाले नकोत, मधल्यांपैकी कुणीतरी. चांगला खेळणारा कप्तान झाला की तो आपलाच बॉल निवडतो, वाईट हेतूनं नव्हे, त्याला तो खरोखरच चांगला दिसतो म्हणून. आणि कॅडीला सुरुवातीलाच सांगा की आज स्क्रॅम्बल आहे. नाहीतर तो बिचारा चारही बॉलच्या मागं चार दिशांना पळत राहतो. ग्रीनवर त्याचं ऐका, तो ती ग्रीन रोज बघतो.

स्क्रॅम्बल कितीही चांगलं झालं तरी तुमच्या 8 आणि 10 वाल्यांची एक तक्रार राहणार: आपला स्वतःचा स्कोअर किती ते कळत नाही. त्यावर तोड म्हणून पहिले नऊ होल स्क्रॅम्बल आणि दुसरे नऊ स्टेबलफोर्ड, असं आम्ही कधीकधी करतो. दुसऱ्या नऊत प्रत्येक जण आपला बॉल खेळतो, हँडिकॅपचे शॉट वजा करून बोगीला (पारपेक्षा एक जास्त) 1, पारला 2, बर्डीला 3, ईगलला (पारपेक्षा दोन कमी) 4 गुण, आणि टीममधल्या दोघांचे सर्वांत जास्त गुण प्रत्येक होलवर धरायचे. डबल बोगी झाली की शून्य, बॉल उचला, पुढं चला. ही गुणपद्धत आजच्या रूपात 1932 साली इंग्लंडमधल्या वॉलसी क्लबवर पहिल्यांदा खेळली गेली. एक वाईट होल सगळं कार्ड खाऊन टाकू नये, हाच तिचा फायदा, आणि तो तुमच्या नवख्यांना सर्वांत जास्त. पण तुमची ही पहिलीच टीम-मॅच असेल तर दोन फॉरमॅट एका दिवसात नकोत. ही गोष्ट तिसऱ्या-चौथ्या खेपेची.

प्रवासाचं तुम्ही विचारलं नाही, तरी सांगतो. पुणे सव्वादोनशे-अडीचशे किलोमीटर. पहाटे अडीचला निघून सातच्या टीवर उभं राहण्याचा पराक्रम आम्ही एकदा केलाय. महामार्गाच्या कामात कुठं किती वेळ जाईल याचा नेम नाही, त्यात खंबाटकी घाट. पहिले चार होल टीमनं झोपेत खेळले. शनिवारी संध्याकाळी जा, मुक्काम करा. पाहुण्यांना कुठल्या दिवशी आणि कुठल्या वेळेला खेळू देतात, कॉलरचा शर्ट लागतो का, सॉफ्ट स्पाइकचे बूट लागतात का, हे क्लबला आधी फोन करून विचारा. नवख्यांना हे कुणी सांगत नाही आणि ते गोल गळ्याच्या टी-शर्टात येतात. पैज लावायची तर पैशांची नको. हरलेल्या टीमनं परत आल्यावर तांबडा-पांढरा द्यायचा, एवढीच. पैसे आले की तीन फुटांचे पट कुणी सोडत नाही.

आणि आठातला एक जण आदल्या रात्री गळणार, हे गृहीत धरा, दर वेळी गळतो. सातच उरले तर तिघांच्या टीमला चौथा शॉट द्या, पण तो दर होलला आळीपाळीनं वेगळ्या माणसानं मारायचा: पहिल्या होलवर एकानं, दुसऱ्यावर दुसऱ्यानं, तिसऱ्यावर तिसऱ्यानं. त्या होलवर तोच माणूस प्रत्येक वेळी दोनदा मारणार, टीपासून ग्रीनपर्यंत. बारी आधीच कार्डाच्या कडेला लिहून ठेवा, नाहीतर अवघड पट आला की सगळ्यांना वाटतं, ही बारी 8 वाल्याचीच होती.